कुंडीतला शिशिर

उत्तर गोलार्धातील शीतप्रधान देशांत बाग करणाऱ्या माणसाला जी गोष्ट पहिल्याच वर्षी अनुभवास येते आणि जिच्यामागचे कारण मात्र पुष्कळदा अनेक वर्षे उमगत नाही, ती ही, की जमिनीत लावलेली जी वनस्पती उणे पंचवीस अंश सेल्सिअसची थंडी विनातक्रार सोसते, तीच वनस्पती, त्याच अंगणात, दोन हातांच्या अंतरावर एखाद्या सुबक कुंडीत लावली, तर वसंतात तिच्या जागी काळवंडलेल्या, बोट लावताच साल निसटणाऱ्या मुळांचा लगदा तेवढा शिल्लक राहतो. रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर ‘हिमसह’ असा शेरा ठळकपणे छापलेला असतो, आणि तो खोटाही नसतो. परंतु तो शेरा मारणाऱ्याने एक अट मनाशी गृहीत धरलेली असते, जी चिठ्ठीवर कोठेही लिहिलेली नसते, आणि ती म्हणजे वनस्पती भूमीतच असली पाहिजे. शीतसहिष्णुता ही एकट्या वनस्पतीच्या मालकीची नसते. तिचा अर्धा वाटा भूमीचा असतो, आणि कुंडीत रोप लावणारा माणूस नकळत हा अर्धा वाटा काढून घेत असतो. तो वाटा रोपाला परत कसा करावा, एवढाच काय तो या प्रकरणाचा विषय आहे.

आपल्याकडच्या वाचकाला कुंडीतल्या झाडाची काळजी वाटते ती वैशाखात. नागपूर-अकोल्याकडे कुंड्या एकमेकींना लगटून भिंतीच्या सावलीला मांडतात, दिवसातून दोनदा पाणी घालतात, आणि तरीही मृगापर्यंत किती तग धरतील याची शाश्वती नसते. थंडीने मुळे मरतात ही गोष्ट आपल्या अनुभवाच्या बाहेरची आहे; महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी जानेवारीतल्या एखाद्या पहाटे दव गोठले, तर वर्तमानपत्रांतून त्याची छायाचित्रे झळकतात. परंतु शिकागो, टोरांटो, बॉस्टन अशा नगरांत ज्या मराठी कुटुंबांनी आता घरे केली आहेत, त्यांना आश्विन-कार्तिकात तुळशीची आणि कढीलिंबाची कुंडी घरात घेऊन दक्षिणेच्या खिडकीशी ठेवण्याचा परिपाठ चांगलाच अंगवळणी पडलेला आहे. अडचण येते ती त्यानंतर अंगणात उरलेल्या कुंड्यांची. कारण होस्टा, ह्यूकेरा, सेडम, सायबेरियन आयरिस या वनस्पती त्याच भूमीला सरावलेल्या, बर्फात मुरलेल्या, आणि म्हणून त्यांना घरात घ्यावे की बाहेर ठेवावे, गुंडाळावे की उघडे सोडावे, याविषयी जितकी तोंडे तितकी मते ऐकावयास मिळतात.

शिकागोचेच उदाहरण घेऊ. मिशिगन सरोवराच्या काठी वसलेल्या या नगरात २० जानेवारी १९८५ रोजी पारा उणे ३३ अंश सेल्सिअसच्या जवळ उतरला होता, आणि ३० जानेवारी २०१९ रोजी तो उणे ३१ पर्यंत गेला. अशा दिवशी हवेत उघड्या राहिलेल्या प्रत्येक वस्तूची जी अवस्था होते, ती भूमीच्या पोटात होत नाही. तेथील इमारतींचे पाये निदान ४२ इंच खोल न्यावे लागतात, कारण जमीन गोठते ती फार तर तेवढ्या खोलीपर्यंत, असा त्या प्रांताच्या बांधकाम खात्याचा हिशेब आहे. त्याखाली गेल्या उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते, आणि ती अत्यंत संथपणे, सर्व हिवाळाभर वर झिरपत राहते. पृष्ठभागावर हिम पडले, तर तेही या कामी साह्यच करते. ताज्या हिमाच्या आकारमानाचा सुमारे नऊ-दशांश भाग निव्वळ हवेचा असतो, आणि स्थिर हवेइतकी उष्णतेची अडवणूक करणारी वस्तू निसर्गात विरळा. म्हणून टिकून राहिलेल्या वीतभर हिमाखालची माती, वर उणे वीस अंश असतानाही, शून्याच्या आसपासच घुटमळते. होस्टाची मुळे ज्या थंडीला तोंड देतात ती ही थंडी होय, हवेतली नव्हे. पाने शरदातच झडून गेलेली, दांडे वाळलेले, आणि जे जिवंत आहे ते सर्व मातीत. अशा वनस्पतीचा हवामान खात्याच्या आकड्यांशी संबंध जवळजवळ उरतच नाही.

आता हीच माती कुंडीत भरा. भूमीत थंडी केवळ वरून येत होती. कुंडीत ती चारी बाजूंनी येते, आणि कुंडी लाकडी सज्जात असली तर खालूनही येते. खालची ऊब तुटली, बाजूंचा आधार तुटला. त्यातही आकाराचा प्रश्न आहे, आणि तो साध्या भूमितीचा आहे: वीस सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीऐवजी त्याच घडणीची साठ सेंटिमीटरची कुंडी घेतली, तर थंडी ज्यातून आत शिरते तो पृष्ठभाग नऊपट होतो, परंतु आतील माती मात्र सत्तावीसपट होते. लहान कुंडी एका रात्रीत हवेच्या तपमानाला पोहोचते. मोठ्या कुंडीचा गाभा त्याला कित्येक दिवस लावतो, आणि एवढ्या मुदतीत पुष्कळदा शीतलाट ओसरून जाते. म्हणून मला विचाराल तर सर्व युक्त्या, गुंडाळण्या आणि आच्छादने एका बाजूला ठेवून प्रथम कुंडी मोठी घ्यावी. या एका खर्चाने जे साधते ते पुढच्या दहा खटपटींनी साधत नाही.

मुळे थंडीला इतकी भित्री का, याचे उत्तर त्यांच्या इतिहासात आहे. खोड आणि कळ्या यांनी लक्षावधी वर्षे उघड्या हवेचा मारा सोसला आणि त्याप्रमाणे त्यांची घडण झाली. मुळांवर तसा प्रसंग आलाच नाही, कारण भूमीने त्यांना कधी उघडे पाडले नाही. एकाच झाडाच्या या दोन भागांतली तफावत चकित करण्याइतकी असते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील जॉन हेव्हिस यांनी १९७६ साली कुंड्यांत वाढवलेल्या झाडाझुडपांची मुळे कोणत्या तपमानाला मरतात याचे कोष्टक प्रसिद्ध केले. त्यात उद्यानांतून सर्वत्र दिसणाऱ्या एका मॅग्नोलियाची मुळे उणे पाच अंशांच्या आसपासच मरतात असे आढळले, आणि याच मॅग्नोलियाच्या फांद्या उणे पंचवीसलाही दाद देत नाहीत. उलट उत्तरेकडच्या अरण्यांतील श्वेत स्प्रूसची मुळे उणे २३ पर्यंत टिकली. कोवळी, पांढरी मुळे जुन्या मुळांच्या आधी दगावतात, आणि कुंडीत ही कोवळी मुळेच नेमकी मातीच्या गोळ्याच्या बाहेरच्या कडेला, कुंडीच्या भिंतीला चिकटून वाढलेली असतात. म्हणजे सर्वांत नाजूक शिबंदी तटाच्या बाहेर उभी केल्यासारखा हा प्रकार होतो.

थंडीने पेशी मरते म्हणजे काय होते, हे येथे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे, कारण पुढील सर्व व्यवहार त्यावरच अवलंबून आहे. शरदात दिवस आखूड होऊ लागले, की पानांतील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य रात्रीची लांबी हेरते, आणि वनस्पतीच्या अंतर्भागात हिवाळ्याची तजवीज सुरू होते: साठवलेल्या पिष्टाची शर्करा होते, पेशीभोवतीच्या सूक्ष्म पटलातील स्निग्ध द्रव्यांची रचना बदलून ते थंडीतही लवचीक राहील असे होते, वाढ थांबते. मग पारा शून्याखाली गेला, म्हणजे पहिला बर्फ पेशींच्या आत होत नाही. तो पेशी-पेशींमधल्या मोकळ्या जागेत होतो, कारण तेथले पाणी अधिक निर्मळ, आणि निर्मळ पाणी लवकर गोठते. हा बाहेरचा बर्फ पेशीतील पाणी हळूहळू बाहेर ओढून घेतो. पेशी आक्रसते, तिच्यातील रस दाट होतो, आणि दाट झाल्यामुळेच तो अधिक खालच्या तपमानापर्यंत गोठत नाही. तेव्हा हिमदग्ध वनस्पती ही वस्तुतः तहानेने मेलेली असते: सोसण्याच्या मर्यादेपलीकडे पाणी बाहेर गेले की पेशीपटल फाटते. परंतु याहून वाईट गत होते ती थंडी झपाट्याने आली तर. कारण मग पाण्याला बाहेर पडावयास अवकाशच मिळत नाही, पेशीच्या आतच हिमस्फटिक तयार होतात, आणि त्या पेशीचे मरण अटळ ठरते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पारा किती खाली गेला याच्याइतकेच तो किती वेगाने गेला यालाही महत्त्व आहे, आणि लहान कुंडी अतिशय वेगाने थंड होते. दुसरी गोष्ट याहून घातक आहे. ही सर्व पूर्वतयारी करावयास वनस्पतीला कित्येक आठवडे लागतात, पण मोडावयास थोडे दिवस पुरतात. फेब्रुवारीत चार दिवस ऊन पडले, दक्षिणाभिमुख भिंतीशी ठेवलेली काळी कुंडी तापली, मुळांना वसंत आल्याचा भास झाला, शर्करा खर्ची पडली, आणि पाचव्या रात्री पारा पुन्हा उणे पंधरावर आला, म्हणजे जानेवारीतल्या उणे पंचविसाने जे झाले नाही ते या उणे पंधराने होते. कुंडीतली बहुतेक मरणे ही अशी, ऐन हिवाळ्याच्या भरात न होता त्याच्या शेवटी होतात, आणि मालकाला मात्र वाटते की जानेवारीतल्या त्या भयंकर रात्रीनेच घात केला. शीतप्रदेशातील बागवानाला झाडासाठी ऊब निर्माण करावयाची नसते. त्याला थंडी स्थिर राखावयाची असते. हे एकदा मनात ठसले, की पुढील बऱ्याच प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

कोणती वनस्पती कोठे जगेल हे सांगण्यासाठी अमेरिकेत शीतपट्ट्यांचे नकाशे वापरण्याची वहिवाट आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या आर्नल्ड वृक्षोद्यानातील आल्फ्रेड रेडर यांनी १९२७ च्या आपल्या वृक्षग्रंथात असा एक नकाशा दिला. पुढे १९६० साली अमेरिकेच्या शेतकी खात्याने आपला नकाशा काढला, आणि तो वेळोवेळी सुधारत आज तेरा पट्ट्यांचा झालेला आहे. प्रत्येक पट्टा दहा अंश फॅरनहाइटचा; आणि तो ठरतो त्या ठिकाणच्या प्रत्येक वर्षीच्या नीचतम तपमानाची तीस वर्षांची सरासरी काढून. २०२३ साली हा नकाशा पुन्हा सुधारला, तेव्हा सुमारे निम्मा देश अर्ध्या पट्ट्याने उबदार बाजूला सरकल्याचे दिसून आले. शिकागोचा बराच भाग आता सहाव्या पट्ट्यात मोडतो. हा नकाशा मोठ्या कष्टाने केलेला आणि उपयुक्त आहे, याविषयी दुमत नाही, परंतु त्याच्या दप्तरी नोंद आहे ती हवेची. मातीविषयी तो मौन बाळगतो, आणि कुंडीविषयी तर त्याला काही म्हणावयाचेच नाही. म्हणून तेथील जाणत्या बागवानांनी एक व्यावहारिक तोड काढली आहे: कुंडीसाठी झाड निवडताना आपल्या पट्ट्याहून दोन पट्टे अधिक थंड अशा प्रदेशात तग धरणारे निवडावे. शिकागोच्या माणसाने कुंडीत लावावयाचे ते चौथ्या पट्ट्यापर्यंत टिकणारे. हा नियम कोणत्याही प्रयोगशाळेत सिद्ध झालेला नाही आणि सज्जातल्या लहान कुंडीला तो पुरतही नाही. पण आरंभ करणाऱ्याला त्याहून सोपा आधार दुसरा नाही.

यावर कोणी म्हणेल, की एवढा खटाटोप करण्यापेक्षा कुंडी सरळ दिवाणखान्यात आणावी. सतराव्या शतकातील फ्रान्सच्या राजाने नेमके हेच केले होते: व्हर्साय येथे १६८४ ते १६८६ या काळात आर्दुअँ-मान्सार या स्थपतीने बांधलेल्या प्रचंड कमानदार संत्रीगृहात लाकडी पेट्यांतली संत्र्याची झाडे ऑक्टोबरात आत जात आणि मे महिन्यात बाहेर येत, आणि हा क्रम आजही तसाच चालू आहे. परंतु संत्रे हे उष्ण देशांतले झाड. होस्टाला किंवा पिओनीला दिवाणखाना मानवत नाही, कारण हिवाळा ही त्यांची गरज आहे. गुस्टाफ गासनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१८ साली दाखवून दिले, की हिवाळी राय या धान्याच्या रोपांना काही आठवडे थंडीत काढू दिल्याशिवाय त्यांना वेळेवर लोंबी येत नाही. वसंतीकरण या नावाने ही घटना पुढे प्रसिद्ध झाली. कित्येक बहुवर्षायू वनस्पतींच्या कळ्यांची निद्राही अशीच, ठरावीक काळाची थंडी पदरात पडल्यावाचून मोडत नाही. आपल्याकडे डाळिंबाला आणि संत्र्याला बहार धरण्यापूर्वी पाणी तोडून ताण देतात, आणि तो ताण न मिळालेली बाग पाने काढते, फुले काढत नाही, हे विदर्भातल्या आणि सोलापूरकडच्या बागाइतदारांना सांगावयास नको. थंडी हा उत्तरेकडचा ताण आहे. उबेत ठेवलेले होस्टा जानेवारीतच अंधुक प्रकाशात फिकट, लांबोडकी पाने काढील, आणि मार्चपर्यंत त्याचा दम संपलेला असेल.

तेव्हा झाड बाहेरच राहणार. आता त्याची व्यवस्था. सर्वांत उत्तम व्यवस्था ती, जी दिसावयास अगदीच बावळी आहे: बागेत खड्डा काढावा आणि कुंडी काठापर्यंत जमिनीत पुरून टाकावी. भूमीपासून जे तोडले होते ते पुन्हा जोडले, विषय संपला. भाजीचा वाफा हिवाळ्यात मोकळाच असतो, तेथे हे काम सहज होते. ज्यांना खड्डा काढणे शक्य नाही त्यांनी नोव्हेंबरात सर्व कुंड्या घराच्या उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीशी, उघड्या मातीवर, अगदी दाटीवाटीने मांडाव्या, मोठ्या बाहेर, लहान मध्ये, आणि मधल्या फटींतून व भोवतीने झडलेली पाने किंवा भाताचे-गव्हाचे काड खच्चून भरावे. उत्तरेची भिंत सांगितली म्हणजे पुष्कळांना आश्चर्य वाटते. पण फेब्रुवारीतल्या फसव्या उन्हापासून बचाव करावयाचा, तर सावलीसारखा दुसरा जामीन नाही. फरसबंदीवर मांडणे मातीवर मांडण्यापेक्षा गौण, आणि उंच सज्जा सर्वांहून गौण. वरचे आच्छादन मात्र माती एकदा गोठल्यानंतरच घालावे, कारण ते घालण्यातला हेतू गोठणे टाळण्याचा नसून मध्येच वितळणे टाळण्याचा असतो. नाताळ सरल्यावर रस्त्यारस्त्यांवर टाकून दिलेली सूचिपर्णी झाडे पडलेली असतात. त्यांच्या फांद्या या कामी फार चांगल्या, त्या हिम धरून ठेवतात, हवा खेळती ठेवतात, आणि त्यांना दाम पडत नाही.

गोणपाट, बुडबुड्यांचे प्लास्टिक, जुन्या रजया यांनी कुंडी गुंडाळण्याच्या प्रथेविषयी मात्र माझे मत अनुकूल नाही, किंवा असे म्हणू की तिच्यावर ठेवला जातो तेवढा विश्वास ठेवण्याजोगी ती नाही. गोधडी माणसाला उबदार वाटते ती माणसाच्या शरीरात ऊब निर्माण होते म्हणून. सुप्त वनस्पतीच्या आणि मातीच्या ठिकाणी तशी काहीच सोय नसते. गुंडाळलेली कुंडी थंड होते, फक्त सावकाश होते. दिवस-रात्रीचे चढउतार त्यामुळे बोथट होतात, हा लाभ खराच आहे. पण पंधरा दिवस टिकणाऱ्या शीतलाटेपुढे त्याचा काही इलाज चालत नाही. गुंडाळावयाचेच असेल तर बाजू आणि माथा गुंडाळावा, बूड मातीवर उघडे टेकवावे, म्हणजे खालून येणारी थोडी ऊब तरी त्या वेष्टनात अडकेल. ज्यांच्या घराला न तापवलेले, पण घराच्या भिंतीला लागून असलेले गॅरेज आहे, त्यांची स्थिती बरी. तेथे तपमान बहुधा शून्याच्या थोडे खाली-वर राहते, आणि सुप्त झाडाला उजेडाची गरज नसते. फक्त दोन शत्रूंवर नजर ठेवावी लागते. एक उंदीर, जे काडाच्या ढिगात सुखाने संसार थाटून खोडांच्या साली आणि कंद फस्त करतात. दुसरा शत्रू म्हणजे मालकाचे विस्मरण.

कारण कुंडीला हिवाळ्यातही पाणी लागते, आणि याचे कारण दुहेरी आहे. कोरड्या मातीतले मूळ आधीच अर्धे तहानलेले असते, त्यात बर्फ आणखी पाणी ओढणार. हे झाले एक. दुसरे पदार्थविज्ञानातले आहे. एक किलोग्रॅम पाणी एका अंशाने निवले, तर एक किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. तेच पाणी शून्यावर राहून नुसते गोठले, तर ऐंशी किलोकॅलरी बाहेर पडते. या अप्रकट उष्म्याच्या जोरावर पाच लिटर पाणी धरून असलेली कुंडी, ते सर्व गोठून होईपर्यंत, शून्याच्या जवळ रेंगाळत राहते, आणि कोरडी कुंडी त्याच रात्री उणे दहावर जाऊन पोहोचते. म्हणून मोठी थंडी येण्यापूर्वी माती भिजवून घ्यावी, आणि गॅरेजातल्या कुंडीला तीन-चार आठवड्यांनी, ती गोठलेली नसेल तेव्हा, थोडे पाणी द्यावे. खत मात्र श्रावण-भाद्रपदातच बंद झालेले असावे. उशिरा दिलेल्या खताने फुटलेली कोवळी वाढ हिवाळ्याच्या पहिल्याच धडकेत जाते.

भिजलेली माती आणि तुंबलेली माती यांत फरक आहे, हेही सांगितले पाहिजे. लॅव्हेंडर थंडीने मेली असे ज्याला वाटते, त्याची लॅव्हेंडर बहुधा ओलीने मेलेली असते. कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा थर दिला म्हणजे निचरा होतो, ही समजूत आपल्याकडे जितकी दृढ आहे तितकीच तिकडेही आहे, आणि ती चुकीची आहे: बारीक मातीतले पाणी खालच्या भरड थरात, वरची माती पूर्णपणे भरल्याशिवाय, उतरतच नाही, आणि त्यामुळे ओलीचा पट्टा मुळांच्या अधिकच जवळ येतो. भोकावर एक खापरी माती वाहून जाऊ नये म्हणून ठेवावी, त्याहून अधिक अपेक्षा तिच्याकडून करू नये. निचरा हवा तर सबंध मातीच भुसभुशीत करावी, आणि कुंडीखाली तीन विटा ठेवून भोक मोकळे राखावे. ऊब हवी म्हणून बूड मातीवर टेकवावे की निचऱ्यासाठी उचलावे, हा तंटा ज्याने त्याने आपल्या हवेप्रमाणे मिटवावा. कोरड्या, कडक हिवाळ्याच्या शिकागोत टेकवावे. पावसाळी, मवाळ हिवाळ्याच्या इंग्लंडात उचलावे.

वसंताच्या तोंडावर आणखी एक विचित्र संकट येते. ह्यूकेराचे रोप सकाळी पाहावे तो मातीतून वर उचलले गेलेले, मुळे हवेत लोंबत असलेली. पाणी गोठताना नऊ टक्क्यांनी फुगते, म्हणून असे होते, असा समज फार जुना होता. दक्षिण कॅरोलिना विद्यापीठातील स्टीफन टेबर या भूशास्त्रज्ञाने १९२९-३० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी तो खोडून काढला. त्याने मातीत पाण्याऐवजी बेंझीन घातले, जे गोठताना फुगण्याऐवजी आकुंचन पावते, आणि तरीही माती वर उचलली गेली. खरे कारण हे, की गोठणाऱ्या थराकडे खालचे न गोठलेले पाणी सतत ओढले जाते, तेथे बर्फाची भिंगे वाढत जातात, आणि ती भिंगे वरची माती उचलतात. वितळले की माती खाली बसते, रोप बसत नाही. यावरही उपाय तोच, गोठण-वितळणीचे फेरे कमी करणे; आणि इतके करूनही रोप वर आले, तर बोटांनी हलकेच परत दाबून बसवणे.

नऊ टक्क्यांचे फुगणे मात्र मातीच्या भांड्याच्या बाबतीत पुरेपूर खरे आहे. भाजक्या तांबड्या मातीची सच्छिद्र कुंडी पाणी पिते, ते पाणी भिंतीतच गोठते, आणि पहिल्या हिवाळ्यात पापुद्रे सुटतात, दुसऱ्यात तडा जातो. फ्लॉरेन्सजवळच्या इंप्रुनेता गावच्या मातीची ख्याती अशी, की तिथल्या उच्च आंचेवर भाजलेल्या कुंड्या हिमाला दाद देत नाहीत. पण त्यांची किंमत पाहता सामान्य माणसाने जाड लाकडी अर्धपिंप, काँक्रीट किंवा चांगल्या प्रतीचे प्लास्टिक यांवर समाधान मानावे हे बरे. मुलामा दिलेल्या देखण्या चिनी मातीच्या कुंडीचे तोंड आत वळलेले असेल, तर ती हिवाळ्यात रिकामी करून घरात ठेवावी. गोठून वर सरकणाऱ्या मातीला वाट मिळत नाही आणि कुंडीचे पोट फुटते.

कुंडी म्हटली की अंगणातले भांडेच डोळ्यांसमोर येते. पण शास्त्राच्या दृष्टीने भूमीपासून तुटलेली कोणतीही माती कुंडीच होय, आणि त्या अर्थाने जगातील दोन अत्यंत नामांकित आधुनिक उद्याने कुंड्याच आहेत. शिकागोच्या मिलेनियम पार्कमधील ल्युरी उद्यान, जे २००४ साली खुले झाले, ते वाहनतळाच्या आणि लोहमार्गाच्या छतावर रचलेले आहे. न्यूयॉर्कमधील हाय लाइन, जिचा पहिला भाग २००९ साली खुला झाला, ती तर उंच लोखंडी खांबांवरून जाणाऱ्या परित्यक्त मालगाडीमार्गावर, सरासरी दीड फूट मातीत वाढवलेली बाग आहे, आणि तिच्याखालून हिवाळ्याचा वारा सरळ वाहतो. दोन्ही ठिकाणची वनस्पतियोजना पीट आउडॉल्फ या डच उद्यानरचनाकाराची. शरदात वाळलेले दांडे आणि गवते तेथे कापीत नाहीत. ती सबंध हिवाळा उभी राहतात, त्यांच्यात हिम अडकते, मुळांवर सावली राहते, पक्ष्यांना बी मिळते, आणि हिवाळ्याच्या अखेरीस सर्व एकदम कापले जाते. न्यूयॉर्कला दर मार्चमध्ये या कापणीसाठी स्वयंसेवक गोळा होतात. वाळक्या दांड्यांतही शोभा असते, हा विचार आउडॉल्फच्याही आधी पोट्सडामजवळच्या बोर्निम गावी कार्ल फ्योर्स्टर या रोपवाटिकाकाराने हयातभर मांडला होता. वर्षाचे चार ऋतू त्याला अपुरे वाटत. बागेचे म्हणून त्याने सात ऋतू मानले, आणि शिशिराला त्यांत मानाचे स्थान दिले. त्याच्या नावाने ओळखले जाणारे उभे, गव्हाळ रंगाचे कॅलॅमॅग्रॉस्टिस गवत आज उत्तर अमेरिकेतल्या असंख्य कुंड्यांतून जानेवारीत हिमाच्या वर डोके काढून उभे असलेले दिसते. कुंडीतले दांडे शरदातच साफ करणाऱ्या टापटिपीच्या बागवानाला माझा सल्ला आहे, की त्याने हा सोस मार्चपर्यंत आवरावा.

झाडांच्या निवडीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. होस्टा, सायबेरियन आयरिस, डे-लिली, सेडम आणि सेम्परव्हायवम ही कुंडीतल्या शिशिराला सरावलेली. कॅटमिंट आणि कोनफ्लॉवर निचरा चांगला असल्यास तितकीच विश्वासू. ह्यूकेरा टिकते, पण उचलली जाते. जपानी अॅनिमोन, लॅव्हेंडर यांच्यावर मोठ्या कुंडीचा पैसा घालू नये. आणि कुंडीत झाड दीर्घकाळ जगतच नाही, असे ज्याला वाटत असेल, त्याने वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातील तो जपानी पाइन पाहावा, जो १६२५ पासून कुंडीत आहे. हिरोशिमात यामाकी नावाच्या बोन्साय-जाणकाराच्या घरी तो होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला तेव्हा आवाराच्या भिंतीने तो वाचला, आणि १९७६ साली तो अमेरिकेला भेट म्हणून गेला. पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी त्याचा हिवाळा सांभाळला, म्हणून तो आहे.

एप्रिल लागला, की आच्छादन एकदम न काढता आठवड्या-पंधरवड्यात थोडे थोडे काढावे, आणि गॅरेजातल्या कुंड्या ढगाळ दिवस पाहून बाहेर आणाव्या. उशिराच्या दहिवराची रात्र दिसली तर नव्या कोंबांवर गोणपाट टाकावे, तेवढ्यापुरते ते खरोखरच उपयोगी आहे. मग वाट पाहावी. कुंडीतली माती भूमीआधी तापते, म्हणून सेडमचे कोंब लवकर दिसतात. होस्टा मे उजाडेपर्यंत काही दाद देत नाही, आणि मोठ्या फुलांचे हिमसह जास्वंद तर शिकागोत मे संपत येईपर्यंत मेल्यासारखेच पडून असते. मे महिन्यात कचऱ्यात गेलेल्या पुष्कळ कुंड्या जिवंत असतात. जूनचा पहिला आठवडा उलटेपर्यंत कोणतीही कुंडी रिकामी करू नये.